तीन पट्ट्यांची गाडी

हेन्री फोर्डचे नाव काढले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे कारखान्यातला तो सरकता पट्टा येतो. एका टोकाला नुसता सांगाडा चढवायचा आणि दुसऱ्या टोकाला चालती मोटार उतरवून घ्यायची, अशी ती करामत. मला मात्र फोर्ड म्हटले की दुसरेच पट्टे आठवतात. त्याच्या ‘मॉडेल टी’ मोटारीच्या पोटात, तेलाने निथळणाऱ्या एका लोखंडी डब्यात ते असतात. संख्येने तीन, जेमतेम इंचभर रुंद, पोलादी कडीसारखे वाकवलेले आणि आतून जाड विणीचे सुती कापड लावलेले. चालकाने पेडल दाबले की यांतला एक पट्टा आतल्या फिरत्या ड्रमला मिठी मारतो. मग गाडी हळू चालते, मागे जाते किंवा थांबते. या तीन पट्ट्यांवर दीड कोटी मोटारी चालल्या. पट्टे सैल झाले की आवळायचे, झिजले की बदलायचे, आणि हे काम ज्याची गाडी त्यानेच करायचे. फोर्डचा सगळा मोठेपणा मला त्या डब्यात दिसतो. त्याच्या आयुष्यात पुढे जे बिघडले, तेही तिथूनच शोधत जावे लागते.

मोटारीला गिअर कशाला लागतात, हे घरातल्या लहानथोरांना सांगायचे तर मी बैलगाडीचे उदाहरण देतो. चढ आला की बैल आपोआप पाऊल आखूड टाकतो आणि खांदा लावतो. थांबायचे झाले तर थांबतो, पण जिवंतच असतो; कासरा हलवला की पुन्हा चालू लागतो. पेट्रोलच्या इंजिनाला हे जमत नाही. ते ठरावीक वेगाने फिरत असले तरच त्याच्यात जोर असतो, आणि थांबले की मेलेच. तेव्हा इंजिन फिरत राहावे आणि गाडी मात्र थांबावी, इंजिन जोरात फिरावे आणि चाक मात्र सावकाश, पण ताकदीने फिरावे, अशी काही तरी सोय दोघांच्या मध्ये करावी लागते. या मधल्या सोयीला ट्रान्समिशन म्हणायचे. आपल्याकडचे मिस्त्री सगळ्याला मिळून गिअरबॉक्स म्हणतात आणि त्यांचे काही चुकत नाही.

हे मधले दुवे हेन्रीच्या नजरेत फार लवकर भरले. त्याचा जन्म ३० जुलै १८६३ चा, अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्नजवळच्या एका शेतावरचा. वडील विल्यम आयर्लंडमधून आलेले, कष्टाळू शेतकरी. पोराला शेतीची मुळीच गोडी नाही. हाती लागेल ते घड्याळ उघडून बसायचे. १८७६ मध्ये तो बारा वर्षांचा असताना आई गेली. त्याच वर्षी उन्हाळ्यात वडिलांबरोबर घोडागाडीतून जाताना त्याला समोरून वाफेचे एक इंजिन स्वतःच्या बळावर रस्त्याने येताना दिसले. मळणीची यंत्रे आणि लाकूड कापायचे करवत चालवणारे ते इंजिन. तोपर्यंत अशी इंजिने घोड्यांनी ओढून न्यायची असतात, एवढेच त्याला ठाऊक होते. वडिलांना कळायच्या आत त्याने खाली उडी टाकली आणि इंजिनवाल्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. पुढे म्हातारपणीही त्याला हा प्रसंग बारकाव्यांसह आठवत होता. इंजिन मिनिटाला दोनशे फेरे घेते, हे त्याच्या लक्षात राहिले. त्याहून पक्के लक्षात राहिले ते दुसरेच. चाकाकडे जाणाऱ्या साखळीचे दातेरी चाक बाजूला सरकवता येत होते, म्हणजे इंजिन चालूच ठेवून गाडी उभी करता येत होती. दुसऱ्या कोणा मुलाने धूर पाहिला असता, आवाज ऐकला असता. याने पाहिला तो मधला दुवा.

सोळाव्या वर्षी तो डेट्रॉइटला गेला. यंत्रांच्या कारखान्यात, मग जहाजांच्या गोदीत उमेदवारी केली. पोटाला कमी पडायचे म्हणून रात्री एका सराफाकडे घड्याळे दुरुस्त केली. १८८२ मध्ये गावी परतल्यावर शेजाऱ्याने आणलेले वेस्टिंगहाऊस कंपनीचे वाफेचे इंजिन चालवायचे काम त्याला मिळाले, आणि ते त्याने इतके चोख केले की कंपनीने त्याला गावोगाव फिरून इंजिने दुरुस्त करायला नेमले. त्याच्या आयुष्याचा हा तुकडा चरित्रांमध्ये दोन ओळींत आटोपतात. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. शेतकऱ्याच्या अंगणात उभे राहून, त्याच्याच अवजारांनी, तो बघत असताना यंत्र दुरुस्त करायचे, ही त्याची खरी शाळा. शेतकऱ्याच्या घरात कोणते पाने असतात, त्याला काय जमते, काय जमत नाही आणि कुठे तो वैतागून हातोडी घालतो, हे त्याने तिथे पाहिले.

१८८८ मध्ये क्लारा ब्रायंटशी लग्न झाले. पुढे एडिसनच्या नावाने डेट्रॉइटला वीज पुरवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि तो मुख्य इंजिनिअरही झाला. १८९३ च्या नाताळच्या आदल्या रात्री त्याने घरी बनवलेले छोटे इंजिन स्वयंपाकघरातल्या मोरीवर बसवून चालवून पाहिले. क्लारा हाताने पेट्रोलचे थेंब सोडत होती आणि दीड महिन्याचा एडसेल जवळच्याच खोलीत झोपला होता. या एडसेलकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे. ४ जून १८९६ च्या पहाटे घरामागच्या शेडमधून पहिली गाडी बाहेर निघाली. निघाली म्हणजे काय, दारातून मावेना म्हणून कुऱ्हाडीने भिंतीच्या विटा पाडून काढावी लागली. सायकलची चार चाके, वर एक बाक आणि मध्ये चामड्याचा पट्टा व साखळी. वेग दोनच, एक ताशी दहा मैलांचा, दुसरा वीस मैलांचा. मागे जायची सोयच नव्हती.

त्यानंतर दोन कंपन्या निघाल्या आणि फसल्या, किंवा फोर्डचे भागीदारांशी फाटले. १६ जून १९०३ रोजी तिसरी निघाली, ती आजची फोर्ड मोटर कंपनी. तिथपर्यंतची भांडणे आणि शर्यती मी सोडून देतो, कारण मला वाचकांना पिकेट अव्हेन्यूवरच्या कारखान्यातल्या एका बंद खोलीत न्यायचे आहे. १९०७ च्या सुमारास तिसऱ्या मजल्याचा एक कोपरा फळ्या मारून आडोसा केलेला, आत एक मोठा फळा, दोन-चार यंत्रे आणि फोर्डच्या आईची डुलती खुर्ची. ती शुभ आहे अशी त्याची समजूत होती. खुर्चीत डुलत तो तासन्‌तास बोलायचा आणि जोसेफ गालांब नावाचा हंगेरीहून आलेला तरुण इंजिनिअर ते फळ्यावर काढून दाखवायचा. हॅरोल्ड विल्स धातूंचे पाहायचा. व्हॅनेडियम घातलेले हलके पण चिवट पोलाद या गाडीत आले ते त्याच्या खटपटीने.

त्या काळच्या बऱ्याच मोटारींचा गिअरबॉक्स सरकत्या दातेरी चाकांचा असे. एक फिरते चाक सरकवून दुसऱ्या फिरत्या चाकात घालायचे. दोघांचा वेग जुळला तर ठीक, नाही तर दात कराकरा वाजणार आणि एखाद दिवशी तुटणार. वेग आपोआप जुळवणारी सिंक्रोमेशची सोय यायला १९२८ साल उजाडले. आमच्या घरच्या जुन्या गाडीला पहिल्या गिअरपुरती ती सोय नव्हती, त्यामुळे डबल क्लच मारणे म्हणजे काय हे मला चांगले ठाऊक आहे. क्लच दाबा, न्यूट्रल करा, सोडा, किंचित रेस द्या, पुन्हा दाबा आणि मग गिअर टाका. नाना पेठेतल्या ज्या गॅरेजमध्ये मी रविवारी जाऊन बसत असे, तिथले मामा नुसत्या आवाजावरून सांगत की कोणत्या गाडीचा मालक स्वतः चालवतो आणि कोणाला ड्रायव्हर आहे. जन्मभर घोडा हाकलेल्या शेतकऱ्याच्या हाती १९०८ मध्ये असला गिअरबॉक्स दिला असता तर काय झाले असते, हे फोर्डला त्याच्या अंगणातल्या नोकरीमुळे पक्के कळत होते.

म्हणून त्याने दुसरी रचना घेतली. ती त्याने शोधलेली नव्हती. ओल्ड्सच्या गाड्यांत आणि त्याच्या स्वतःच्या आधीच्या गाड्यांतही ती होती. तिला प्लॅनेटरी गिअर म्हणतात. मधल्या चाकांभोवती दातेरी चाकांची तीन जुडगी फिरत राहतात, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी. या रचनेतले दात एकमेकांत कायमचेच गुंतलेले असतात; घड्याळात असतात तसे. ती कधी सुटतच नाहीत, त्यामुळे पुन्हा गुंतवताना तुटायचा प्रश्न नाही. बाहेरून फक्त एकेक ड्रम धरायचा. एक ड्रम धरला की गाडी सावकाश पण जोराने पुढे जाते. दुसरा धरला की मागे जाते. तिसरा धरला की थांबते. कोणताच धरला नाही आणि क्लचच्या पोलादी चकत्या एकमेकींना चिकटू दिल्या की सगळा संच एका गठ्ठ्यासारखा इंजिनाबरोबर फिरतो. तो झाला वरचा गिअर. ड्रम धरायचे काम आपल्या तीन पट्ट्यांचे.

ही गाडी चालवणे मात्र आजच्या माणसाला भलतेच चमत्कारिक वाटेल. मुंबईत जुन्या मोटारींच्या एका रॅलीत मी टीच्या मालकाशेजारी थोडे अंतर बसून गेलो आहे. पायाशी तीन पेडले. डावे पूर्ण दाबले की हळू गिअर, अर्धे दाबले की न्यूट्रल, सोडले की वरचा गिअर. मधले रिव्हर्सचे. उजवे, जिथे आपला पाय सवयीने रेस द्यायला जातो, तिथे ब्रेक. रेस हाताने द्यायची, स्टिअरिंगखालच्या दांडीने. लांब चढ आला तर डावे पेडल सबंध चढभर दाबूनच धरायचे; पोटरीला गोळे येतात. चिखलात रुतली तर मात्र हिच्यासारखी दुसरी नाही. डावे पेडल, मधले पेडल, पुन्हा डावे, पुन्हा मधले, असे पाळणा हलवल्यासारखे पुढेमागे झुलवून ती बाहेर निघते. अमेरिकेतले त्या वेळचे गावाकडचे रस्ते आपल्या पावसाळ्यातल्या पाणंदीपेक्षा फार निराळे नव्हते.

आता देखभालीचे. फोर्ड कंपनी मालकांसाठी जी पुस्तिका देत असे तिची नक्कल मी पाहिली आहे. प्रश्न आणि उत्तर अशा रीतीने ती लिहिलेली आहे, आणि वाचणारा शहाणा आहे असे गृहीत धरून लिहिलेली आहे. हळू गिअरचा पट्टा सैल झाला तर डब्याच्या उजव्या बाजूचा अडकवणीचा नट ढिला करा आणि स्क्रू आत फिरवा. रिव्हर्स आणि ब्रेकचे पट्टे आवळायचे तर पायाखालच्या फळ्या उचला, डब्याचे झाकण काढा आणि आतले नट फिरवा. इतके आवळू नका की पेडल सोडल्यावरही पट्टा ड्रमला घासत राहील. कारण मग तो तापतो, जळतो आणि गाडी ओढल्यासारखी चालते. क्लच घसरू लागला तर त्याचे तीन स्क्रू सारखेच फिरवा, एक कमी एक जास्त नको. एवढेच. हे काम दुपारच्या जेवणाआधी होण्यासारखे. फक्त झाकण उघडण्यापूर्वी कडेने फडके कोंबावे, असे अनुभवी लोक सांगतात. कारण हातातून निसटलेला नट डब्यात गेला तर तो सरळ गिअरमध्येच जातो, आणि पुढची सगळी सुट्टी तो शोधण्यात जाते.

पट्टे बदलायचे झाले तर काम मोठे. पूर्वीच्या गाड्यांत डब्याचे वरचे आवरण उतरवावे लागे. जुने कापड काढायचे, नवे तेलात भिजवून रिबिटांनी बसवायचे. पुढे १९२६ च्या गाड्यांत पट्ट्याचा एक कान सुटा केला, त्यामुळे आवरण न उतरवताही पट्टे निघू लागले. ब्रेकचा पट्टाही रुंद केला. आणखी एक गोष्ट. इंजिन आणि गिअर यांचे तेल एकच. पट्ट्याच्या कापडाचा झिजून भुगा व्हायचा आणि तो तेलात मिसळून इंजिनाकडे तेल नेणाऱ्या बारीक नळीत बसायचा. नळी तुंबली की पुढचे बेअरिंग कोरडे. तेव्हा तेल वेळच्या वेळी बदला, हा या गाडीच्या देखभालीतला पहिला धडा, आणि तो गिअरचा म्हणून नव्हे तर इंजिनाच्या जिवासाठी शिकायचा.

मालकांनी आपापल्या युक्त्याही काढल्या. ब्रेकचा पट्टा सारखा झिजतो म्हणून उतारावर कधी हळू गिअरचे पेडल, कधी रिव्हर्सचे पेडल अलगद दाबून गाडी आवरायची. तीन पट्ट्यांनी झीज वाटून घ्यायची. फार खडा चढ असला तर गाडी वळवून मागे मागे चढवायची. रिव्हर्सला जोर जास्त, त्याचा पट्टा कमी वापरलेला आणि पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने उतरणारे. पुढे तोंड करून चढले तर ते इंजिनापर्यंत पोचत नसे. थंडीत तेल दाट होऊन क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटत. समोर उभे राहून हँडल मारले की इंजिन सुरू होताच गाडी मालकाच्या अंगावर चालून यायची, आवडत्या जनावराने ढुशी द्यावी तशी. म्हणून हँडब्रेक ओढून ठेवायचा. फारच थंडी असली तर मागचे एक चाक जॅकवर उचलायचे. याच उचललेल्या चाकाला पट्टा लावून लोक लाकडे कापत, दाणे काढत. बारा वर्षांच्या हेन्रीने पाहिलेले ते वाफेचे इंजिन असे पुन्हा शेतात आले, या वेळी स्वस्त होऊन.

१ ऑक्टोबर १९०८ ला टी बाजारात आली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. १९२५ मध्ये तिचा सर्वांत साधा नमुना २६० डॉलरना मिळत होता. हे घडले ते सरकत्या पट्ट्यामुळे, आणि गंमत अशी की त्या प्रयोगाची सुरुवातही गिअरच्या शेजारीच झाली. ज्या जाड चाकावर ती तीन जुडगी बसतात, त्याच चाकाला वीज निर्माण करणारा मॅग्नेटो असतो. १९१३ च्या एप्रिलमध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात प्रथम हा भाग सरकत्या रांगेत जोडून पाहिला. एका माणसाला त्यासाठी वीस मिनिटे लागत. कामाची वाटणी केल्यावर तेरा मिनिटे दहा सेकंद लागली आणि थोड्याच काळात पाच मिनिटे. पुढच्या वर्षी सबंध चेसी ९३ मिनिटांत उभी राहू लागली. पूर्वी साडेबारा तास लागत. त्या वर्षीच्या जानेवारीत फोर्डने कामगारांना आठ तासांचे पाच डॉलर जाहीर केले, तेव्हा जगभर खळबळ उडाली. त्याआधीच्या मजुरीच्या दुपटीहून ही रक्कम अधिक. पण मला इथे एक गोष्ट खुपते. गाडीच्या मालकाला ज्याने झाकण उघडून आत हात घालायचा मान दिला, त्याच माणसाने कारखान्यातल्या कामगाराकडे एकच नट ठेवला. दिवसभर तोच नट.

दहा वर्षे लोक खूश होते. मग रस्ते सुधारले आणि मंडळींना वेग हवासा वाटू लागला. शेव्हरोलेच्या गाडीत तीन वेगांचा सरकता गिअरबॉक्स होता. चालवायला थोडे शिकावे लागे. पण चढावर मधला गिअर मिळे, पाय दाबून धरावा लागत नसे. फोर्डच्या विक्रेत्यांनी तक्रारी केल्या, इंजिनिअरांनी आडून सुचवले. फोर्ड बधेना. पूर्वी एकदा तो युरोपला गेला असताना त्याच्या माणसांनी टीचा सुधारलेला नमुना तयार करून ठेवला होता. परत आल्यावर त्याने तो हातांनी मोडून टाकला, असे सांगतात. नावाला १९१९ पासून कंपनीचा अध्यक्ष एडसेल होता. मोरीवरचे इंजिन फुरफुरत असताना शेजारच्या खोलीत झोपलेला तो मुलगा. शांत, सौजन्यशील, गाडीच्या रेषांची सुरेख जाण असलेला. त्याचे निर्णय बाप सर्वांदेखत फिरवायचा. एडसेलचा साडू अर्नेस्ट कॅन्झलर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. १९२६ च्या जानेवारीत त्याने अतिशय नम्र शब्दांत फोर्डला लिहून दिले की, आता नवी गाडी काढल्यावाचून गत्यंतर नाही. काही महिन्यांत कॅन्झलर कंपनीबाहेर होता.

याच १९२६ मध्ये फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीने मुंबईत आपली भारतीय कंपनी स्थापन केली. म्हणजे आपल्याकडे फोर्डची पाटी रीतसर लागली तेव्हा टीचे दिवस भरत आले होते. २६ मे १९२७ ला दीड कोटीवी गाडी बाहेर पडली आणि टी बंद झाली. पुढचे सहा महिने कारखान्यात नव्या गाडीची जुळवाजुळव चालली आणि हजारो माणसे घरी बसली. डिसेंबरात ‘मॉडेल ए’ आली. तिच्यात सरकता तीन गिअरचा डबा होता. म्हाताऱ्याला त्यातही प्लॅनेटरीच हवा होता, पण इथे एडसेलची बाजू सरस ठरली. मला वाटते, बापावर त्याने मिळवलेला हा दुर्मिळ विजय. द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या ब्रेकसाठी त्याला १९३९ पर्यंत थांबावे लागले.

फोर्डविषयी लिहिणाऱ्याला या पुढचे टाळता येणार नाही, टाळू नयेच. १९१९ पासून त्याने ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ नावाचे साप्ताहिक चालवले आणि त्यातून ज्यूंविरुद्ध वर्षानुवर्षे विष पसरवले. जे विक्रेते पट्ट्यांचे कापड आणि नट विकत, त्यांच्याच गळ्यात हे साप्ताहिकही मारलेले असे. १९२७ मध्ये खटल्याच्या दडपणाखाली त्याने माफी मागितली, पण ११ वर्षांनी, पंचाहत्तरीला, हिटलरच्या सरकारचे पदक त्याने स्वीकारले. कामगारांच्या संघटनेला कारखान्यात पाऊल ठेवू द्यायचे नाही, म्हणून हॅरी बेनेटच्या हाताखाली गुंडांची फौज बाळगली. २६ मे १९३७ ला रिव्हर रूजच्या कारखान्यासमोरच्या पुलावर या फौजेने संघटनेच्या माणसांना बडवून काढले. वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार तिथे होते, त्यामुळे ते जगाने पाहिले. अखेर १९४१ मध्ये फोर्डला संघटनेशी करार करावाच लागला. हे सगळे वाचल्यावर हा माणूस मला आवडतो असे म्हणवत नाही. त्याची गाडी आवडते, आणि ती त्याच्याच डोक्यातून निघाली हेही नाकारता येत नाही.

याच १९४१ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामहून गांधीजींनी फोर्डला एक चरखा पाठवला. प्रचंड यंत्रांच्या या सम्राटाला गांधीजींनी चरखा पाठवावा, याचे अनेकांना नवल वाटले. मला तितकेसे वाटत नाही. चरख्यातही मोठे चाक सावकाश फिरते आणि माळेने जोडलेली चाती भरभर फिरते. माळ सैल पडली तर चरखा चालवणाऱ्यानेच ती ताणून घ्यायची असते. डिअरबॉर्नला फोर्डने जुन्या घरांचे, कारखान्यांचे आणि अवजारांचे सबंध गाव वसवले होते. तरुणपणी चालवलेले ते वेस्टिंगहाऊसचे इंजिन त्याने ३४५ या नंबरावरून शोधून काढले, विकत घेतले आणि दुरुस्त करून पुन्हा चालवले.

माणसांच्या बाबतीत हे जमले नाही. २६ मे १९४३ ला एडसेल कर्करोगाने गेला, वयाच्या ४९ व्या वर्षी. पहिला २६ मे टीच्या शेवटाचा, दुसरा पुलावरच्या मारहाणीचा आणि तिसरा हा. मुलगा गेल्यावर ऐंशीच्या घरातला बाप पुन्हा अध्यक्षपदी बसला. तेव्हा त्याची स्मृती दगा देऊ लागली होती आणि कारभार बेनेटच्या हाती चालला होता. घरातल्या बायका पुढे झाल्या म्हणून कंपनी वाचली. क्लाराने समजावले आणि एडसेलच्या विधवेने, एलिनोरने, आपले शेअर्स विकून टाकण्याची धमकी दिली. १९४५ च्या सप्टेंबरात एडसेलचा मुलगा, दुसरा हेन्री फोर्ड, अध्यक्ष झाला आणि त्याने पहिले काम केले ते बेनेटला काढण्याचे. ७ एप्रिल १९४७ च्या रात्री फोर्ड गेला. रूज नदीला पूर आल्याने घरची वीज बंद होती.

ज्या रचनेसाठी तो अडून बसला होता ती मोटारीतून गेली नाही. १९३९ मध्ये ‘हायड्रामॅटिक’ नावाची आपोआप गिअर बदलणारी पेटी बाजारात आली, तिच्या पोटात प्लॅनेटरी गिअरच होते आणि ते धरायला पट्टेही होते; फक्त पेडलाऐवजी तेलाचा दाब ते आवळत असे. आजच्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत ती दातेरी जुडगी आहेत, टोयोटाच्या १९९७ च्या ‘प्रियस’मध्ये विजेची मोटर आणि इंजिन यांची सांगड त्यांनीच घातली. मात्र झाकण उघडून आत पाना घालायची मुभा मालकाला राहिली नाही. ती मुभा अजून फक्त टीवाल्यांना आहे. त्यांच्यात सुती पट्टा बरा, लाकडी बरा की केव्हलारचा, यावर वाद चालू असतो. केव्हलार पुष्कळ टिकतो, पण तो घसरत राहिला तर ड्रम तापवून त्याला तडे पाडू शकतो. मला कोणी विचारले तर मी सुतीच सांगेन. तो लवकर झिजतो, पण आधी वास येतो.